मागची बाजू वर आली, तरी गाडी का घसरली? – भार-वाटप हिचच्या जुळणीबद्दल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे १४५० किलो भरलेला, एका आसाचा कॅरव्हॅन ट्रेलर आपण चेसिसवाल्या एसयूव्हीला जोडता. ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू बसत होती, म्हणून आपण परदेशातून १००० पौंड क्षमतेच्या बारचा वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे भार-वाटप हिच (ट्रेलर जोडण्याचे उपकरण) मागवला. फिटरने बार ओढून धरणाऱ्या साखळीची सातवी कडी अडकवून दिली होती. तरीही मागची बाजू थोडी खाली दिसत असल्याने आपण ती पाचव्या कडीवर घेतली आणि गाडी रिकाम्या अवस्थेत उभी राहते तितकी सरळ झाली. स्टिअरिंगही भक्कम वाटू लागले. मात्र पावसात बुटीबोरीकडून नागपूरला येताना वळणावर ब्रेक लावताच गाडीची मागची चाके बाजूला सरकली. हिच बरोबर बसवूनही असे का झाले आणि कडी आणखी ओढावी का, असे आपण विचारले आहे.

कडी आणखी ओढू नये. उलट ती सैल करावी लागेल. हिंगणा एमआयडीसीत ट्रेलर आणि हिच जोडण्याचे काम मी गेली २२ वर्षे करतो आहे आणि या हिचच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच आहे. बसलेली मागची बाजू डोळ्यांना खटकते, म्हणून माणूस ती उचलायला जातो. प्रत्यक्षात हा हिच मागची बाजू उचलण्यासाठी नसून पुढच्या चाकांवरून निघून गेलेले वजन त्यांना परत देण्यासाठी असतो. या दोन गोष्टी एकच वाटतात, पण त्यांचे आकडे निराळे येतात.

विदर्भात ज्याने कापसाची किंवा संत्र्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर पाहिला आहे त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. दोनचाकी ट्रॉलीत माल पुढे जास्त भरला आणि नाल्याचा चढ आला की ट्रॅक्टर तोंड उचलतो, पुढची चाके जमिनीला जेमतेम टेकतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. (अशा वेळी बोनेटवर दोन माणसे बसवण्याचा उपाय मी डोळ्यांनी पाहिला आहे, तो कोणीही करू नये.) कारण साधे आहे. मागचा आस हा तरफेचा टेकू, आणि टेकूच्या मागे ठेवलेले वजन पुढचे टोक वर उचलते. आपल्या एसयूव्हीत तेच घडते, फक्त इतके उघड दिसत नाही.

आकडे घेऊन पाहू. बॉलवरचा (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्यावरचा) भार १८० किलो, मागच्या आसापासून बॉलपर्यंतचे अंतर १.२ मीटर आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर, २७४५ मिलीमीटर धरला, तर १८० ला १.२ ने गुणून २.७४५ ने भागल्यावर ७९ येतात. म्हणजे ट्रेलर नुसता बॉलवर टेकवताच पुढच्या आसावरून ७९ किलो निघून जातात आणि मागच्या आसावर १८० नव्हे, तर १८० अधिक ७९ असे २५९ किलो वाढतात. पुढचे हलके होते म्हणून स्टिअरिंग तरंगल्यासारखे वाटते, रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते.

भार-वाटप हिचमधील दोन स्प्रिंग बार हे जाड पोलादी पट्टे किंवा दांडे असतात. त्यांचे एक टोक गाडीकडच्या हेडमध्ये, म्हणजे बॉल धरणाऱ्या भागात, बसते आणि दुसरे टोक ट्रेलरच्या चौकटीवरच्या ब्रॅकेटला साखळीने वर ओढून धरलेले असते. त्या ओढीमुळे हेडवर पीळ पडतो आणि हा पीळ गाडीचे नाक खाली दाबतो. बॉलवरचा भार त्यामुळे नाहीसा होत नाही. तो फक्त तीन जागी वाटला जातो: पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचा आस. बॉलपासून ट्रेलरच्या आसापर्यंत ४ मीटर अंतर धरून हिशेब केला, तर पुढच्या आसाला त्याचे ७९ किलो पूर्ण परत मिळतात तेव्हा ट्रेलरच्या आसावर सुमारे ४२ किलो जातात आणि मागच्या आसावर तरीही १३८ किलो जास्त उरतात. म्हणजे पुढचा हिशेब चुकता झाल्यावरही मागची बाजू बसलेलीच दिसणार, आणि तशी ती दिसलीच पाहिजे.

आता आपण काय केले ते पाहावे. मागच्या आसावरची वाढ शून्य होईपर्यंत बार ओढले, तर पुढच्या आसावर मूळ वजनापेक्षा ९१ किलो जास्त येतात आणि ट्रेलरच्या आसावर ८९. मागची चाके रिकाम्या गाडीइतकीच जमिनीला दाबलेली राहतात, पण आता वळणावर १४५० किलोंचा ट्रेलर बॉलला बाजूला ढकलत असतो, आणि बॉल त्याच चाकांच्या १.२ मीटर मागे असल्याने त्या धक्क्याचा सगळा ताण मागच्या टायरांनाच रोखावा लागतो. पुढची चाके नेहमीपेक्षा घट्ट पकडतात, मागची सुटतात. स्टिअरिंग भक्कम वाटले याचेच आपल्याला समाधान झाले होते. ओल्या रस्त्यावर मागचे सरकले तेही त्याच कारणाने. फार ताण दिलेल्या बारमुळे ट्रेलर गाडीला कात्रीसारखा दुमडू शकतो, म्हणूनच पूर्वी ‘पुढचे-मागचे सारखे बसले पाहिजे’ असे सांगणाऱ्या अमेरिकन गाड्यांच्या पुस्तिकांपैकी अनेक आता पुढच्या बाजूची गेलेली उंची साधारण निम्मी परत आणण्यास सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तो अंतिम मानावा. असा हिच वापरूच नये असे लिहिले असेल, तर विषय तेथेच संपतो. मार्गदर्शन काहीच नसेल, तर मी निम्मे ते पूर्ण या दरम्यान थांबतो आणि पूर्णाच्या पुढे कधीही जात नाही.

मोजमापाची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. आधी जागा सपाट हवी. घराच्या पोर्चला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी चारही चाकांपाशी धरून पाहिली की कळतो. प्रवासाला निघताना असेल तसाच भार गाडीत हवा, म्हणजे डिझेलची टाकी भरलेली, डिकीतले सामान जागच्या जागी आणि माणसे बसलेली, निदान त्यांच्या वजनाइतकी पोती ठेवलेली. ट्रेलरही तसाच भरलेला हवा. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना, मागच्या चाकांत पूर्ण भाराचा आकडा धरून भरावी. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तोच दाब बराच वाढलेला दिसतो, म्हणून त्या वेळी हवा काढू नये.

मग चाकाच्या बरोबर मध्यातून सरळ वर, मडगार्डच्या कडेवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रेघ मारावी आणि जमिनीपासून त्या रेघेपर्यंत मोजावे. आपल्यासारख्या गाडीवर मला साधारण असे आकडे मिळतात: ट्रेलरविना पुढे ८७४ मिलीमीटर, मागे ९०२. ट्रेलर जोडून, बार न लावता, पुढे ८८८ आणि मागे ८६४. म्हणजे पुढची बाजू १४ मिलीमीटर वर गेली. निम्मी परत आणायची तर पुढचे माप ८८१ आणि पूर्ण परत आणायची तर ८७४ व्हायला हवे; मी साधारण ८७७ वर थांबेन. त्या वेळी मागचे माप ८७८ च्या आसपास राहील, म्हणजे मूळ उंचीपेक्षा सुमारे २४ मिलीमीटर खाली. ते खाली दिसले म्हणून हात शिवशिवला तरी साखळीला हात लावू नये. आपल्या सध्याच्या पाचव्या कडीवर पुढचे माप ८६० च्याही खाली गेलेले असेल, असा माझा अंदाज आहे, मोजून पाहावे. प्रत्येक बदलानंतर गाडी पाच-सहा फूट पुढे-मागे करूनच मोजावे, कारण सस्पेन्शनच्या बुशांमध्ये अडकलेला ताण तीन-चार मिलीमीटरचा खोटा आकडा देतो, आणि येथे सगळा खेळ चौदा मिलीमीटरचा आहे.

म्हणूनच टेपवर विसंबून न राहता एकदा धरमकाट्यावर जावे. वाडी किंवा कळमना भागात ट्रकांसाठी काटे आहेत. बहुतेक ५ किंवा १० किलोच्या पायरीने वजन दाखवतात आणि आपल्या कामाला तेवढे पुरते. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर, मग गाडीची चारही चाके, मग ट्रेलरसह सगळे. हेच बार लावून, बार सोडून, आणि शेवटी ट्रेलर बाजूला उभा करून नुसत्या गाडीचे. काट्याकडे चढणारा रस्ता काट्याच्या पातळीत असला पाहिजे, नाहीतर आसाआसाचे वजन चुकते. काट्यावरचा पोरगा हमखास विचारतो, “काका, अर्धीच काहून चढवली?” गर्दी नसलेली वेळ पाहून जावे आणि त्याला आधीच समजावून सांगावे, म्हणजे मागचे ट्रकवाले ओरडत नाहीत.

आपल्याला मिळणारे आकडे याच्या जवळपास असतील: नुसत्या गाडीचा पुढचा आस ११८०, मागचा १२२०. ट्रेलर जोडून, बार सोडून, पुढे ११००, मागे १४८० आणि ट्रेलरच्या आसावर १२७०. बार निम्म्या हिशेबाने लावल्यावर पुढे ११४०, मागे १४२० आणि ट्रेलरवर १२९०. तिन्ही वेळेस बेरीज ३८५० आली पाहिजे, नुसत्या गाडीच्या वजनात ट्रेलरचे १४५० मिळवून. ती जुळली नाही तर काटा किंवा चाकाची जागा चुकली असे समजावे. बार सोडलेल्या अवस्थेतील गाडीच्या चार चाकांच्या वजनातून, म्हणजे २५८० मधून, नुसत्या गाडीचे २४०० वजा केले की बॉलवरचा खरा भार हाती येतो. याच वेळी मागच्या आसाची कमाल मर्यादा आणि गाडीने बॉलवर पेलायचा कमाल भार पाटीवर किंवा पुस्तिकेत पाहून घ्यावा. काही गाड्यांना बॉलवर १०० किलोच चालतात. तेथे हा हिच लावूनही मर्यादा वाढत नाही.

बॉलवरचा भार १८० किलो असेल तर तो १४५० च्या साधारण १२ टक्के होतो, आणि अमेरिकन धाटणीच्या ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले जाते. तो कमी भरला तर आधी सामान हलवावे. ट्रेलर शेपटीसारखा हलतो म्हणून कडी ओढणारे पुष्कळ भेटतात, पण ते हलणे बहुधा मागे जास्त भरल्याने असते. आसाच्या १.२ मीटर मागे बसवलेली १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की बॉलवरचे ३० किलो निघून जातात. पेंचला निघताना रिकामी असलेली टाकी देवलापारला भरून घेतली, तर तेथून पुढचा ट्रेलर वेगळाच असतो. ट्रेलर हलू लागलाच तर गाडीचा ब्रेक जोराने दाबू नये, स्टिअरिंगने त्याच्या मागे धावू नये. ॲक्सिलरेटर सोडावा आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने लावण्याची सोय असेल तर तोच हळूहळू लावावा.

आता प्रत्यक्ष जुळणी. ट्रेलर स्वतंत्रपणे, त्याच्या जॅकवर, चौकट पुढे-मागे सारख्या उंचीवर येईल असा उभा करून कपलरच्या (ट्रेलरच्या बॉलवर बसणाऱ्या तोंडाच्या) आत बॉल जेथे टेकतो तेथवर जमिनीपासून मोजावे. रिकाम्या गाडीवर बॉलचा माथा त्यापेक्षा एक-दोन सेंटीमीटर वर ठेवावा, म्हणजे भार आल्यावर ट्रेलर सपाट किंवा नाक किंचित खाली असा राहतो. नाक वर असलेला ट्रेलर मी रस्त्यावर जाऊ देत नाही. त्यानंतर हेडचा कल: हेड ट्रेलरच्या बाजूला जितके खाली झुकते तितके बारचे टोक आधीच खाली राहते आणि त्याच कडीवर ताण जास्त येतो. हा कल पिनेवरच्या वॉशरांची संख्या बदलून किंवा दातेरी पट्टीने ठरवतात. मोठा बदल कडीने करावा आणि बारीक बदल वॉशरने. कारण एक कडी म्हणजे मोठी उडी असते आणि हवा असलेला आकडा पुष्कळदा दोन कड्यांच्या मधे पडतो. साखळीवाल्या बऱ्याच संचांच्या पुस्तिका बार आणि ब्रॅकेट यांच्या दरम्यान किमान पाच कड्या ताणाखाली हव्यात असे सांगतात. साखळी फार आखूड झाली तर तीव्र वळणावर बार फिरताना ती अडकते आणि ब्रॅकेट वाकते.

आपले बार हा वेगळा मुद्दा आहे. १००० पौंड म्हणजे सुमारे ४५४ किलो. आपल्याला बॉलवरचे १८० आणि मागच्या आसामागे डिकीत असलेले पन्नास-साठ किलो, एवढेच धरायचे आहेत. ६०० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७२ किलोंचे बार पुरले असते. जाड बार जास्त सुरक्षित, ही समजूत येथे उलटी पडते. ७५ सेंटीमीटर लांबीच्या बारने पुढचे ७९ किलो पूर्ण परत द्यायला प्रत्येक साखळीत सुमारे १११ किलोंची ओढ लागते. आपण मागची बाजू सरळ केली तेव्हा ती २३९ किलोंच्या घरात गेली असेल, तीही गाडी उभी असताना. गतिरोधकावर ती क्षणभर कितीतरी वाढते, आणि ताठ बार ती वाढ पचवत नाही. चौकटीला आणि रिसीव्हरला (हिच ज्यात बसतो त्या गाडीखालच्या चौकोनी नळीला) देतो. हलके बार आपल्याच हेडला बसतात का, हे पाहून बदलावेत. तोवर सातव्या कडीवर परत यावे आणि मोजून कल सुधारावा.

रिसीव्हर खाली वाकून अवश्य पाहावा. साधा बॉल त्याला फक्त खाली ओढतो, पण हा हिच त्याला पिळतो, म्हणून कारखान्यात बनलेल्या रिसीव्हरच्या पाटीवर बार लावून आणि बार न लावता असे दोन वेगळे आकडे असतात. आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून ६० बाय ६० च्या, ५ मिलीमीटर जाडीच्या चौकोनी नळीचा रिसीव्हर करून घेण्याची पद्धत आहे; त्याचे आतले माप ५० येते, तर आयात केलेला शँक, म्हणजे हिचचा रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा, ५०.८ चा असतो. मग कोणीतरी शँक घासून आत बसवतो. असा घासलेला शँक मी काढून ठेवायला सांगतो. वेल्डच्या कडेला गंजाची बारीक, केसासारखी रेघ दिसली तर ती बहुधा तडा असते. तारेच्या ब्रशने साफ करून पुन्हा पाहावे. बॉलचे मापही याच वेळी तपासावे. ५० मिलीमीटर आणि दोन इंच हे जवळजवळ सारखे असले तरी एक नव्हेत, आणि दोन इंचाच्या बॉलवर २ ५/१६ इंचाचा कपलर बसल्यासारखा दिसतो, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून निघतो.

आपल्या ट्रेलरचा ब्रेक विजेवर चालतो की गाडी थांबताना कपलर आत दाबला जाऊन लागतो, हे आपण लिहिलेले नाही. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे ओव्हररन ब्रेक असेल, तर बारच्या ताणामुळे कपलरची सरक अडू शकते. त्यासाठी चालणारे संच वेगळे असतात आणि त्यांच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले असते. युरोपीय पद्धतीच्या पातळ, दुमडलेल्या पत्र्याच्या चौकटीला भोक पाडून किंवा वेल्ड करून साखळीचे ब्रॅकेट कधीही लावू नये.

बार अडकवताना शरीर जपावे. कपलर बॉलवर बसवून कुलूप लावल्यानंतर ट्रेलरच्या जॅकने ट्रेलरचे नाक आणि गाडीची मागची बाजू दोन्ही मिळून वर उचलावीत. मग कडी जवळजवळ हाताने ब्रॅकेटवर येते. उतरवतानाही तसेच. सुरुवातीच्या वर्षांत, जॅक फिरवायचा कंटाळा करून मी पाइप लावून ब्रॅकेट वर ढकलले. ते मधेच सुटून पाइप उलट फिरला आणि माझ्या मनगटाचे हाड मोडले. तेव्हापासून पाइपच्या फिरण्याच्या वाटेत डोके, हात किंवा दुसरा माणूस असला तर मी काम थांबवतो. ब्रॅकेटची सेफ्टी पिन लावल्याशिवाय हलू नये. पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या तीव्र उतारावरून आत जायचे असेल, किंवा घट्ट वळणात मागे घ्यायचे असेल, तर आधी बार काढावेत.

नव्या जुळणीनंतर पहिले ८० किलोमीटर झाले की हेडचे बोल्ट आणि बॉलचा नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, आणि ज्या कडीवर आकडे जुळले तिच्यावर लाल ऑइल पेंटचा ठिपका द्यावा. पाण्याची टाकी भरून प्रवास करायची सवय असेल, तर तीच मोजणी भरलेल्या टाकीने पुन्हा करावी आणि कडी निराळी निघाली तर तिच्यावर पिवळा ठिपका द्यावा.